डोकी मोजा, कान मोजा

१९ फेब्रुवारी

पतसंस्थेच्या चिनारानं आज शाळेच्या खोलीत बसवून आम्हा सातही घरांना एकेक वही घ्यायला लावली. म्हणाली, "रोज काय आलं, काय गेलं, ते लिहीत जा." वही मी माझ्या पैशानं घेतली आहे. तेव्हा आलं-गेलं तर लिहीनच, पण मला काय वाटतं तेही लिहीन. तिला दाखवायची वेळ आली तर पानं फाडता येतात.

वही हरवली तर सापडणाऱ्यानं ती शार्शेनबेककडे आणून द्यावी. गाव ताश-बुलाक, ओढ्यावरचं निळ्या दारांचं घर. मला सगळे शार्शेके म्हणतात, पत्ता नसला तरी चालेल. चारशे मेंढरांचा शार्शेके कुठे राहतो म्हणून विचारलं तर नारीनच्या बाजारापर्यंत कोणीही सांगेल. मी कळप घेऊन रस्त्यानं निघालो की मोटारी थांबतात. दुसरं कोण आहे गावात असं?

तर गोष्ट अशी. आम्ही सात घरं मिळून घोडीचं दूध आंबवून, म्हणजे कुमिस करून, शहरात विकणार आहोत. त्यासाठी थंड ठेवायची टाकी आणि एक छोटी गाडी पाहिजे. पतसंस्था कर्ज देईल, पण आधी प्रत्येक घराचा ताळेबंद हवा. ताळेबंद म्हणजे काय ते चिनारानं तासभर सांगितलं. मी मान हलवली. सगळ्यांनीच हलवली.

मग गटाचा प्रमुख कोण, हा प्रश्न निघाला. कुबात ट्रकवाला लगेच म्हणाला, "ताळेबंदात ज्याचं स्वतःचं भांडवल सगळ्यांत जास्त निघेल तो प्रमुख. भांडण नको, तंटा नको." गेल्या वर्षी त्यानं लाल ट्रक घेतला, त्याआधी घराला नवा पत्रा घातला. त्याला वाटतं ट्रकपुढे सगळं फिकं. लोकांनी मात्र वळून माझ्याकडे पाहिलं. मी मिशीवर हात फिरवला.

२३ फेब्रुवारी

रविवार. कुलाचे खूर बघायला झूराकडे गेलो होतो.

कुला ही माझी मातकट रंगाची घोडी. माझा दोस्त बोलोत गेला तेव्हा त्याच्या बायकोकडे, झूराकडे, दुभतं काही उरलं नव्हतं. धाकटे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणतात. वर्षश्राद्धाच्या जेवणाला मी सगळ्यांसमोर कुलाला तिच्या अंगणात नेऊन बांधलं. आमच्यात अशी रीतच आहे. ज्याच्या घरी दूध नाही त्याच्या दारात आपलं जनावर उभं करायचं. दूध त्याचं, जनावर आपलं, शिंगरू झालं तर तेही आपलं. आणि एकदा दिलं की चारचौघांत 'माझं, माझं' म्हणायचं नाही. तसं म्हणणारा माणूस हलका समजतात. याला पाच हिवाळे झाले.

घोडी गाभण आहे, मे महिन्यात विईल. झूरानं चहा केला, ताज्या पावाबरोबर साय दिली. म्हणाली, "शार्शेके, गेल्या रविवारीच तर खूर बघितले होते तुम्ही."

"थंडीत खूर तडकतात," मी म्हटलं.

"दर आठवड्याला?"

बायकांना घोड्यांतलं काय कळतं! खूर ठीक आहेत.

२८ फेब्रुवारी

आज शाळेत मी आवाज चढवला, ते लिहून ठेवतो.

चिनारानं फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे मालमत्ता: घर, जनावरं, रोकड. उजवीकडे देणी, आणि देण्यांच्या खाली स्वतःचं भांडवल. म्हणाली, "दोन्ही बाजूंची बेरीज नेहमी सारखी येते. नाही आली तर समजायचं, आपलंच काहीतरी चुकलं."

मी उभा राहिलो. "पोरी, नेहमी सारखी? म्हणजे जितकं आहे तितकंच देणं? मी एकसष्ट वर्षं वारा खाल्ला, बर्फ खाल्लं, आणि शेवटी बाकी शून्य?"

"शून्य नाही, शार्शेके. तुमचं भांडवल उजव्या बाजूलाच धरलंय."

"देण्यांच्या रांगेत? मी काय माझाच सावकार आहे?"

"एका अर्थी, हो."

कुबात बाकावर मागे रेलून हसला. "आक्साकाल, वडील माणसं तुम्ही, राहू द्या. तुम्ही मेंढरं मोजा, आकडे आम्ही मोजतो."

झूरा खिडकीजवळ बसली होती. तीही हसली. कुबात हसला त्याचं मला काही नाही.

२ मार्च

रविवार. कुलाकडे गेलो नाही. कुबातचा ट्रक झूराच्या दारात उभा दिसला, पिठाची पोती उतरवत होता. त्याला स्वतःची बायको आहे, स्वतःचं पीठ आहे. दुसऱ्यांची पोती वाहायची एवढी हौस कशाला, देव जाणे.

शाळेलाही जाणार नाही. प्रमुखपद चालत माझ्या दारी येईल तेव्हा बघू.

६ मार्च

लिहायला हात शिवशिवतोय!

सकाळी गोठ्याच्या फाटकात उभा राहून मेंढरं बाहेर सोडत होतो. फाटक अरुंद ठेवलंय, एकेक मेंढरू निघतं, मी मोजतो. डोकी मोजून झाली. मग सवयीनं कान बघत गेलो. प्रत्येक घराची कानाला वेगळी कातर असते. डाव्या कानाला खाच ती शाळामास्तरांची, उजव्याचं टोक उडवलेलं ते दवाखान्यातल्या बाईंचं, दोन्ही कानांना फाटा तो माझा. कातरीप्रमाणे घराघराची बेरीज केली, ती डोक्यांइतकीच आली. न येऊन सांगते कोणाला? ज्या मेंढीला डोकं आहे तिला कान आहे, आणि कान आहे म्हणजे कोणाची तरी कातर आहे.

आणि मी फाटकातच थबकलो. मागची मेंढरं माझ्या पायांतून वाट काढून गेली.

अरे, हाच तर ताळेबंद! डावीकडे डोकी, उजवीकडे कान. अंगणात काय उभं आहे ते डावीकडे, आणि ते कोणाचं आहे ते उजवीकडे. दोन निराळ्या वस्तू नव्हेतच त्या. तीच मेंढी दोनदा मोजायची, एकदा समोरून आणि एकदा कानाला धरून. माझी कातर हीही कातरच. मग ती बाकीच्या कातरींच्या रांगेत नाही बसणार तर कुठे बसणार?

आयुष्यभर रोज सकाळी मी ताळेबंद जुळवत आलो आणि मलाच पत्ता नाही. काखेत कळसा म्हणतात तसं झालं. एकटाच मोठ्यानं हसलो. कुत्रा घाबरून भुंकायला लागला.

७ मार्च

शाळेत जाऊन फळ्यावर दोन कान असलेलं मेंढरू काढलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "आत्ता कळलं." चिनारा तर टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, "शार्शेके, दुसऱ्या गावांत मी हेच उदाहरण देणार." दे म्हटलं, पण ताश-बुलाकच्या शार्शेनबेकनं सांगितलं असं म्हण.

मग माझा कागद तिनं हातात घेतला. डावीकडे चारशे मेंढरं, उजवीकडे कातरीप्रमाणे नावं, बेरीज चोख. ती म्हणाली, "मांडणी अगदी बरोबर. पण एक सांगू? लोकांनी राखोळीला दिलेली मेंढरं तुमच्या ताळेबंदात येतच नाहीत. लोकर त्यांची, कोकरं त्यांची, विकली तर पैसा त्यांचा. तुम्ही फक्त चारता. दोन्ही बाजूंनी काढून टाका."

"दोन्ही बाजूंनी?"

"डोकी काढाल तर कानही काढावे लागतील ना?"

माझाच पेच मलाच. काढली. चारशेची बासष्ट झाली. बेरीज तरीही जुळली, आणि मला वाटलं होतं तितकं दुखलं नाही. बासष्ट मेंढ्यांना माझी कातर आहे आणि एकीवरही कोणाचं कर्ज नाही. हे गावात किती जण म्हणू शकतात?

उन्हाळ्याच्या राखोळीचे आगाऊ पैसे लोकांनी दिलेत, तेही चिनारानं देण्यांत टाकले. मी म्हटलं, पैसा माझ्या खिशात आहे, तो देणं कसा? ती म्हणाली, "उन्हाळा अजून यायचाय. तुम्ही त्यांची चराई देणं लागता." हे मात्र पटलं. ज्याचा पैसा घेतला त्याची मेंढी सप्टेंबरात धडधाकट परत गेली पाहिजे, त्याशिवाय तो पैसा माझा कसला!

मग कुबातचा कागद झाला. डावीकडे ट्रक, पत्रा, दूरदर्शन संच, सगळा थाट. उजवीकडे ट्रकचं कर्ज, पत्र्याचं कर्ज, मेव्हण्याची उधारी. बडा घर पोकळ वासा. तरी त्याची घोडी-गुरं बरी आहेत, अगदीच चिल्लर नाही. तो तोंड पाडून बसला. मी त्याला म्हटलं, "ट्रक आहे ना अंगणात? मग झालं तर." हे मी सांत्वनासाठी म्हटलं होतं. तो अजून रागावला.

८ मार्च

महिला दिन. बाजारात सगळे पुरुष फुलांच्या मागे लागलेले. मी कुलासाठी नवी म्होरकी आणली, लाल गोंड्यांची. घोडी ही मादीच आहे, तिचाही सण.

झूरानं म्होरकी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "घोडीला शोभेल," म्हणाली. मग गोंड्यांवरून हात फिरवत राहिली. "लाल रंग मला आवडतो हे तुम्हाला बोलोतनं सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, दुकानात हाच एक रंग होता. खरं तर निळाही होता.

२२ मार्च

काल नूरूज, आमचं नवं वर्ष. सगळ्या गावानं सुमोलोकची कढई ढवळली, गव्हाच्या कोंबांची ती गोड लापशी मी दोन वाट्या खाल्ली. शाळामास्तर मला 'प्रमुखसाहेब' म्हणून हाक मारत होते. मी नको नको म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा नाही म्हटलं नाही.

लिहून ठेवायला हरकत नाही: मला प्रमुख व्हायचं आहे. माझी बायको बुबुश होती तेव्हा म्हणायची, तुमचा रुबाब कळपाच्या धुळीत आहे, धूळ बसली की संपला. ती जाऊन आठ वर्षं झाली. धूळ बसली तरी माझं काही उरतं, हे तिला दाखवायचं होतं.

२ एप्रिल

कागद दिले. माझं स्वतःचं भांडवल अकरा लाख चाळीस हजार सोम. कुबातचं दहा लाख नव्वद. बाकीचे बरेच खाली. मी पुढे आहे!

दर घराचं निदान दोन लाखांचं भांडवल पाहिजे, त्याखालच्याला गटात घेता येत नाही, असा पतसंस्थेचा नियम. सातही घरं त्यात बसली. येत्या मंगळवारी सगळ्यांसमोर कागद वाचायचे, सह्या करायच्या, प्रमुखाचं नाव लिहायचं. बुबुशच्या हातचा काळा कोट उन्हात टाकला आहे.

५ एप्रिल

चिनारा घरी आली. चहा घेतला, बिस्किट घेतलं, गप्पच. मी म्हटलं, पोरी, कोणी मेलं का?

"शार्शेके, तुमच्या कागदात एक मातकट घोडी आहे. मांडीवर चंद्रकोरीची डागणी."

"कुला. एक लाख तीस हजार. कमीच लावलीय."

"झूरा एजेंच्या कागदातही एक मातकट घोडी आहे. मांडीवर चंद्रकोरीची डागणी."

मला आधी समजेना. मग समजलं आणि डोक्यात तिडीक गेली. माझी घोडी! चंद्रकोर माझ्या आजोबांपासूनची! तिच्या प्रत्येक शिंगराला शरदात मी डागणी केली आणि झूरानं स्वतः शेगडी धरली होती!

चिनारा हळूच म्हणाली, "मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही सगळ्या गावासमोर म्हणाला होता, 'घे झूरा, तुझीच समज.'"

हो, म्हणालो होतो. असं म्हणतातच! कोणी दारात जनावर बांधताना काय म्हणतं, 'माझीच समज'?

"एक घोडी दोन कागदांवर राहू शकत नाही. कोणाच्या तरी कागदातून काढायला हवी," ती म्हणाली. "घोडीसकट झूरा एजेंचं भांडवल दोन लाख साठ हजार होतं. घोडी काढली तर एक लाख तीस."

"म्हणजे गटाबाहेर."

"आणि तुमच्या कागदातून काढली तर तुम्ही दहा लाख दहा हजारांवर."

म्हणजे कुबातच्या खाली. हे तिनं सांगितलं नाही, मला वजाबाकी येते.

मी तिला म्हटलं, घोडी कोणाची हे घोडीच्या मांडीवर लिहिलंय. ती उठून गेली. बिस्किटं तशीच राहिली.

६ एप्रिल

सकाळी फाटकात मेंढरं सोडत होतो. वळून पाहतो तर झूरा. हातात दोरी, दोरीला कुला, तिच्या तोंडाला लाल गोंड्यांची म्होरकी. पोट हे एवढं.

"घ्या तुमची घोडी," ती म्हणाली. "खूर बघून घ्या, नंतर तक्रार नको."

"झूरा, अगं..."

"मी चोर नाही, शार्शेके. पाच वर्षांत एकदाही तुम्ही 'माझी' म्हणाला नाही. मला वाटलं, हा माणूस बोलतो ते खरं बोलतो. चूक माझी झाली. कागदातून मी तिला काढून टाकीन."

"मग तू गटात कशी राहशील?"

"नाही राहणार. सहा घरांचंही चांगलं चालेल. मी लोकरीच्या नमद्याचे जोडे शिवत होते, ते शिवेन."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. मान ताठ, रुमाल घट्ट बांधलेला, माझ्याच फाटकात माझ्याहून जास्त रुबाबात उभी होती. तिनं दोरी पुढे केली. मी काही ती घेतली नाही. मेंढरं तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होती आणि जन्मात पहिल्यांदा माझी मोजणी चुकली.

"पोटानं जड झालेल्या घोडीला अशी चालवत आणतात का?" मी ओरडलो. बोलायला दुसरं काही सुचलं नाही. "परत ने. मंगळवारी शाळेत बोलू."

ती गेली. कुला तिच्या मागून गेली, दोरी ओढावी लागली नाही.

७ एप्रिल

दिवसभर कागद पुढ्यात घेऊन बसलो. कुला माझ्या कागदात राहिली तर मी प्रमुख. गटाच्या पाटीवर पहिलं नाव माझं, शहरातल्या दुकानात बाटलीवर माझं नाव. उभ्या जन्मात मी कधी कशाचा प्रमुख झालो नाही.

माझ्या शब्दाला किंमत किती? हा रकाना चिनाराच्या फळ्यावर नाही.

८ एप्रिल

बुबुशचा काळा कोट घातला. शाळेची खोली भरलेली. झूरा खिडकीजवळ नव्हती, दाराजवळ होती, म्हणजे निघायच्या तयारीनं.

चिनारा वाचायला लागणार, तेवढ्यात मी उठलो. म्हटलं, "आधी माझा कागद दे, एक चूक दुरुस्त करायची आहे. कुला घोडी मी पाच वर्षांपूर्वी झूराला दिली. सगळं गाव साक्षीला होतं, मटण खायला तर नक्की होतं. तरी चुकून मी तिला माझ्यात धरलं."

मी फळ्याजवळ गेलो, खडू घेतला. डावीकडे घोडी खोडली, एक लाख तीस. उजवीकडे माझ्या भांडवलातून एक लाख तीस खोडले. बेरीज केली. दोन्ही बाजू कमी झाल्या, पण तेवढ्याच. ताळेबंद जुळला! दिलं तरी जुळतोच. जगात काही तरी इतकं सरळ आहे याचा मला त्या क्षणी केवढा अभिमान वाटला!

शाळामास्तर म्हणाले, "शार्शेके, गटाची एकूण बेरीज मग कमी झाली?"

"मास्तर, तुम्ही मास्तर कसे झालात?" मी म्हटलं. "घोडी माझ्या कागदातून निघून तिच्या कागदात बसली. सात घरांच्या बेरजेत ती एकच होती आणि एकच आहे. कर्ज तेवढंच मिळेल."

चिनारानं मान हलवली. मग ती खडू शोधायला लागली. खडू माझ्या हातात होता.

"पण आक्साकाल," कुबात उठला, "मग प्रमुख..."

"तू. हो, आणि ट्रकचे हप्ते वेळेवर भर."

झूरा दाराजवळून बोलली, "मला भीक नकोय, शार्शेके."

"भीक नाही. मी तेव्हा बोललो होतो. आज फक्त लिहिलं." मग मला आठवलं. "आणि म्होरकीही तुझीच." घोडा विकला तर मालक म्होरकी काढून घेतो, बरकत घरातून जाऊ नये म्हणून. विकला तर. मी काही विकला नव्हता.

खोलीबाहेर आलो तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी, मास्तरांनी, सगळ्यांनी आधी मला वाट दिली. नव्या प्रमुखानंसुद्धा.

१३ एप्रिल

रविवार. कोट घातला, दाढी नीट केली, ओढ्यापर्यंत गेलो आणि मग ध्यानात आलं. घोडी आता झूराची. तिचे खूर बघायला मी कोण?

हे मंगळवारी फळ्यासमोर सुचलं नव्हतं. परत आलो. मेंढरांचे खूर बघितले.

२७ एप्रिल

कुबात आला होता. टाकी वरच्या कुरणावर कुठे बसवायची ते विचारायला आला होता. मी सांगितलं, झऱ्याच्या सावलीच्या अंगाला. तो परवाही आला होता, गाडीचं विचारायला. प्रमुख तो, विचारतो मला. जाताना म्हणाला, "झूरा एजे विचारत होत्या, शार्शेके आजारी आहेत का?"

"का?"

"दोन-तीन रविवार दिसले नाहीत म्हणे."

मी म्हटलं, सांग तिला, धडधाकट आहे.

हा मूर्खपणा झाला. थोडा आजारी आहे म्हणायला काय हरकत होती?

५ मे

कुला व्याली. नर शिंगरू, कपाळावर चांदणी. हे मला मास्तरांकडून कळलं. घोडी आणि शिंगरू दोन्ही ठीक. बरं झालं. मला काय त्याचं.

२५ मे

आज वरच्या कुरणावर पहिलं दूध काढायचा सण. जमिनीलगत लांब दोर ताणला, म्हाताऱ्या बायकांनी त्याला लोणी फासलं, शिंगरं ओळीनं बांधली. नवी टाकी सावलीत चकाकत होती, गाडीवर ताश-बुलाकचं नाव रंगवलेलं. आपल्या सात घरांचं आहे हे सगळं! कुबातनं भाषण केलं. लांबलं, पण त्यात त्यानं माझं नाव दोनदा घेतलं, आणि डोकी-कानांची गोष्ट स्वतःला सुचल्यासारखी सांगितली. मी सांगू दिली.

मग झूरा चांदणीवालं शिंगरू घेऊन सगळ्यांच्या मधोमध आली. लाल रुमाल बांधला होता.

"शार्शेके, शरदात याला डागणी कोणाची करायची?"

"घोडी तुझी, तिच्या पोटचं तुझं," मी म्हटलं.

"घोडी आता माझी. पण ती गाभण राहिली तेव्हा रीतीनं शिंगरू तुमचं होतं. बापही तुमचाच घोडा. विचारा चिनाराला."

चिनाराच्या तोंडात बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचा गोळा, होता. तिनं दोन्ही हात वर केले. "मला नका ओढू यात. मी आज सुट्टीवर आहे."

"बरं, डागणीचं शरदात बघू," झूरा म्हणाली. "पण तोवर याचे खूर कोण बघणार? दर रविवारी बघावे लागतात ना? पाच वर्षं मी हेच ऐकत आले."

सगळं कुरण हसलं. कुबात तर पोट धरून बसला. माझे कान तापले, कुरणावर ऊन फार असतं. झूरानं पहिल्या दुधाचा वाडगा भरला आणि आधी प्रमुखाला न देता माझ्या हातात दिला. मी तो एका दमात संपवला. मला चव कळली नाही.

घरी येऊन ताळेबंद काढला. जे आलं ते लिहायचं, असा नियम आहे. डावीकडे लिहिलं: शिंगरू, नर, कपाळावर चांदणी, एक.

उजवीकडे कोणाचं? 'माझं' लिहिलं आणि खोडलं. 'तिचं' लिहिलं आणि तेही खोडलं. मग लिहिलं: आमचं, एक.

चिनारा म्हणेल, असा रकाना नसतो. तिला म्हणेन, आखून घे.

बेरीज करून पाहिली. जुळली.